आठ गुंजांचा बार

त्या सकाळी घोडनदीच्या पात्रात आम्ही दहा माणसे होतो. घोडी पाच, डोली एक, पिस्तुले दोन. पिस्तुलांच्या पेटीला आतून निळी मखमल लावलेली होती आणि एका खणात बारा गोळ्या होत्या. लागणार होत्या दोन. नदीची धार पात्राच्या मधोमध, रुंदी फार तर पंधरा हात. अलीकडे सपाट वाळू, काठावर सात बाभळी. धुके गुडघ्यापर्यंत होते आणि हळूहळू विरत होते.

दहांपैकी त्यांच्या हिशेबाने माणसे पाचच. लेफ्टनंट हॉलिस आणि कॅप्टन व्हर्नी हे दोघे एकमेकांवर गोळी झाडणार होते. लेफ्टनंट पाम हा हॉलिसचा साथीदार, म्हणजे त्याच्या बाजूने लढतीची व्यवस्था बघणारा. व्हर्नीचा साथीदार एक तांबड्या मिशांचा कॅप्टन होता. पाचवे आमचे डॉक्टर मेसन. उरलेले पाच म्हणजे डोलीचे चार भोई आणि मी, तुळाजी. छावणीच्या इस्पितळात मी डॉक्टरांच्या हाताखाली जखमा बांधत असे, औषधे तोलत असे, आणि जातीचा न्हावी म्हणून साहेबांच्या दाढ्याही करत असे. साल इंग्रजी अठराशे सोळा, महिना माघ. मी सव्वीस वर्षांचा होतो.

भोयांचा म्होरक्या धाकू माझ्या शेजारी उकिडवा बसला होता.

"तुळ्या, ह्यांचं भांडान हाय न्हवं?"

"आहे."

"मग टोप्या काढून रामराम कशापायी घालत्यात?"

"तशी रीत आहे त्यांची."

"आन् त्या धाकल्या सायबाची पहाटं दाढी केलीस म्हनं तू?"

"केली."

"आमच्यात न्हावी मेल्यावर लागतो बाबा. ह्यांना आधीच लागतो."

बाकीचे तिघे मुंडाशाच्या शेवात तोंड घालून हसले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी हत्यारांची पेटी माझ्याजवळ ठेवली आणि स्वतः नदीकडे पाठ करून, बाभळींकडे बघत उभे राहिले.

अशा लढती कंपनीच्या कायद्यात बसत नव्हत्या. पुढे चौकशी झाली तर 'मी काही पाहिले नाही' असा शब्द डॉक्टरांना देता यायला हवा होता, आणि जंटलमनचा शब्द खरा असावा लागतो. म्हणून इतक्या लांब यायचे, पट्ट्या आणि चिमटे घेऊन यायचे, आणि ऐन वेळी पाठ फिरवायची. सगळ्याच डॉक्टरांची ही पद्धत होती.

"मीही फिरू का साहेब?" मी विचारले.

"तू कशाला? तुला कोण विचारणार आहे?"

म्हणून मी बघत राहिलो.

भांडण तीन दिवसांपूर्वीचे. साहेबांच्या जेवणाच्या तंबूत एक मेणबत्ती सारखी फुरफुरत होती, धूर काढत होती. कोणीतरी नोकराला शिव्या घातल्या. तेव्हा व्हर्नी म्हणाला, "नोकराला काय विचारता? हॉलिसला विचारा. त्याच्या घरचा धंदा आहे." टेबलावर सतरा जण होते. हसले किती, याबद्दल वेगवेगळ्या लोकांनी मला वेगवेगळे आकडे सांगितले. हॉलिस उठला आणि व्हर्नीला म्हणाला की हे शब्द परत घ्या. व्हर्नी म्हणाला की शब्द परत घ्यायची आपल्या घराण्यात सवय नाही. दुसऱ्या दिवशी पाम हॉलिसची चिठ्ठी घेऊन व्हर्नीच्या तंबूवर गेला.

व्हर्नीचा काका विलायतेत मोठा जमीनदार होता. हॉलिसचा बाप खरोखरच मेणबत्त्या करत असे. हॉलिस बावीस वर्षांचा होता. व्हर्नी वीस पावलांवरून बाटलीचे बूच उडवतो, हे छावणीतल्या पाणक्यालाही ठाऊक होते.

लढतीच्या आदल्या दुपारी पाम आणि तांबड्या मिशांचा कॅप्टन औषधांच्या खोलीत आले. डॉक्टर आधीच तिथे होते. त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितले. साहेब आपापसांत इंग्रजी बोलत, आमच्याशी हिंदुस्थानी. चार वर्षांत मला दोन्ही समजू लागले होते. मी इथे ते आपल्या भाषेत लिहितो आहे.

"मुलगा मरेल," पाम म्हणाला. "व्हर्नी चुकत नाही."

"मग माफीचं बघा," डॉक्टर म्हणाले.

"व्हर्नी मागणार नाही. आणि खरं सांगू? हॉलिसला ती नकोच आहे."

"मग काय पाहिजे त्याला?"

 तांबड्या मिशांचा कॅप्टन म्हणाला, "पिस्तुलं आम्ही दोघे भरणार. बारूद कमी घालू. दोन्हींत सारखी कमी. आवाज होईल, धूर होईल, कातडी खरचटेल. दोघांची अब्रू राहील. पण मोजून घालायला हवी, चमच्याने अंदाजे नाही. तुमच्याकडे बारीक तराजू आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "तुळाजी, तराजू काढ."

विलायती वजनांपैकी निम्मी हरवली होती, म्हणून मी गुंजांनी तोलत असे. एकसारख्या दिसणाऱ्या शंभर गुंजा मी एका डबीत निवडून ठेवल्या होत्या. प्रथम पूर्ण बार तोलला. वीस गुंजा भरला. मग गोळी तोलली: एक तोळा चार गुंजा.

"आता किती ठेवायचं?" पाम म्हणाला. "निम्मा?"

"निम्म्याने माणूस मरतो," डॉक्टर म्हणाले. "मी पाहिलंय."

तिघेही तराजूकडे बघू लागले. तराजू माझ्या हातात होता, आणि अशा वेळी गप्प राहणे मला त्या वयात जमत नसे.

"चार गुंजा ठेवल्या तर गोळी नळीतच अडकेल साहेब," मी म्हणालो. "बारा ठेवल्या तर डॉक्टरसाहेब म्हणतात तो धोका. मधला आकडा आठ. आणि वरून चिंधी घट्ट ठासली तर आवाजात फरक कळणार नाही."

"तू पिस्तूल झाडलंयस कधी?" कॅप्टनने विचारले.

"नाही साहेब."

"मग तुला काय कळतं?"

"कळतं त्याला," डॉक्टर म्हणाले. "याचा अंदाज चुकत नाही. माझा चुकतो."

मला बरे वाटले, हे लिहून ठेवले पाहिजे. मी आठ गुंजांच्या दोन पुड्या बांधल्या. दोन्ही पुन्हा तोलून पाहिल्या. तिघा साहेबांनी एकमेकांना शब्द दिला की हे कोणाला कधी कळणार नाही. कळले तर व्हर्नी आणि हॉलिस दोघांचेही हसे होईल, आणि मग पाम आणि कॅप्टन या दोघांनाच त्यांच्याशी लढावे लागेल. माझ्याकडून शब्द घेतला नाही. डॉक्टर एवढेच म्हणाले, "बोललास तर नोकरी गेली."

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना मी हॉलिसच्या तंबूत गेलो. तो कपडे करून बसला होता. करड्या बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, विजार, अंगात लाल कोट, त्याची बटणे वरपासून खालपर्यंत लावलेली. मी वस्तऱ्याला धार लावत होतो तेव्हा त्याने टेबलावरच्या मेणबत्तीची वात नखाने खुडली.

"चरबी नीट गाळलेली नाही," तो म्हणाला. "म्हणून फुरफुरते." मग स्वतःशीच हसला. "बघ, तोंडातून गेलंच."

मी साबण लावला.

"तुळाजी, माझा हात कापतोय का?"

"माझा कापत नाही तोवर काळजी नाही, साहेब."

"तुझा बाप काय करायचा?"

"हेच. दाढ्या."

"आणि तुला त्याची लाज वाटते?"

"लाज कशाची? सगळ्या गावाची मान त्याच्या हातात असायची."

तो इतका हसला की मला वस्तरा उचलून धरावा लागला.

एक प्रश्न मला कधीपासून विचारायचा होता. इतक्या मोकळेपणाने बोलणारा साहेब पुन्हा सापडेल असे वाटेना. म्हणून विचारला.

"साहेब, जंटलमन म्हणजे नेमका कोण? श्रीमंत माणूस?"

"नाही. माझा बाप व्हर्नीपेक्षा श्रीमंत आहे."

"शिकलेला?"

"व्हर्नीला स्वतःचं पत्र धड लिहिता येत नाही. पाम लिहून देतो."

"मग शूर?"

"शूर तर शिपाईही असतो."

"म्हणजे जन्माने?"

"बहुतेक." तो थांबला. "पण नुसतं तेही नाही. ज्याला दुसरे जंटलमन आपल्यातला मानतात, तो जंटलमन."

"मग पहिल्याला कोणी मानलं?"

या वेळी तो हसला नाही. आरशात माझ्याकडे बघत राहिला.

"सतरा जण होते टेबलावर," तो म्हणाला. "चिठ्ठी पाठवली आणि रात्रभर मला एकच भीती होती. गोळीची नाही. व्हर्नी निरोप पाठवील, की मेणबत्तीवाल्याच्या पोराशी मी लढत नाही. त्याला तसं म्हणता आलं असतं. कोणी दोष दिला नसता. मग मला या छावणीत, कुठल्याच छावणीत, तोंड दाखवता आलं नसतं. पण तो तयार झाला. कळतंय तुला? माझ्यावर गोळी झाडायला तयार झाला."

"कळतंय साहेब. आमच्याकडे पाटील न्हाव्याशी भांडत नाही. नुसता मारतो."

"बरोबर," तो म्हणाला. "तेच. अगदी तेच."

आठ गुंजांची गोष्ट माझ्या ओठावर होती. सांगितली तर त्याला हायसे वाटेल, असे आदल्या दिवशी मला वाटत होते. आता तसे वाटेना. मी त्याच्या गळ्याखालचा साबण पुसला आणि म्हणालो, "झालं साहेब."

पाम उंच होता, म्हणून नदीवर अंतर त्याच्या पावलांनी मोजले. बारा पावले. त्याच्या बुटांच्या खुणांवरून मी नंतर हाताने मोजले तेव्हा ते बावीस हात भरले. दोघे एकमेकांकडे उजवी कूस करून उभे राहिले. पामने रुमाल वर धरला.

रुमाल पडला. दोन्ही बार एकदमच उडाले, एकच आवाज आल्यासारखे. पण त्याच्या आधी, रुमाल हवेत असताना, मी व्हर्नीचा हात वीतभर खाली आलेला पाहिला. नेम छातीवर होता, तो मांडीवर आला. हॉलिसची गोळी धारेत पडली. पाणी उडाले.

हॉलिस उभाच होता. त्याने आपल्या मांडीकडे पाहिले.

"लागली," तो म्हणाला. आवाजात दुखणे नव्हते. परीक्षेत पास झालेला मुलगा बोलतो तसे बोलला. मग वाळूत बसला.

व्हर्नी चालत आला आणि त्याने टोपी काढली. "मिस्टर हॉलिस, माझं समाधान झालं. तुमचं?"

"झालं, सर."

"मग तुमचा हात द्या."

त्यांनी हात मिळवले. डॉक्टर आता वळले होते. आम्ही विजार कापली. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या हाडाखाली एक वीत, अंगठ्याच्या टोकाएवढे भोक. रक्त बेताचे. हाड शाबूत, मोठी शीर शाबूत. मी पलीकडच्या बाजूने हात फिरवला. तिथे भोक नव्हते.

"आतच आहे साहेब," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढली.

धाकूने डोली उचलताना हॉलिसला विचारले, "फार दुखतंय का सायेब?" हॉलिस हिंदुस्थानीत म्हणाला, "अजिबात नाही." धाकू मला मागाहून म्हणाला, "खुळं हाय रं पोर. हसतंय."

त्याच सकाळी इस्पितळात डॉक्टरांनी गोळी काढली. ती चार बोटे आत होती. गोळीबरोबर बनातीचे दोन तुकडे निघाले. ते मी धुऊन वाळवले आणि विजारीच्या भोकावर जुळवून पाहिले, फुटलेल्या मातीच्या परळाच्या खापऱ्या जुळवतात तसे. भोक भरले नाही. मधे चिंचोक्याएवढी जागा उरली.

मी विजार घेऊन डॉक्टरांकडे गेलो. "साहेब, एक तुकडा आत राहिलाय. एवढा."

त्यांनी विजारीच्या भोकातून दिसणाऱ्या माझ्या बोटाकडे पाहिले. मग सळई घेऊन पुन्हा जखमेत शोधले. हॉलिसच्या दातांत चामड्याचा पट्टा होता. सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधले. नाही.

"पुवाबरोबर येईल बाहेर," डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी कॅप्टन व्हर्नी भेटायला आला. पोर्ट दारूची बाटली घेऊन आला आणि खाटेच्या कडेवर बसला. खुर्ची जवळच होती, पण तो खाटेवर बसला. घोड्यांबद्दल बोलला. विलायतेतल्या आपल्या गावाजवळ कोल्ह्यांची शिकार चांगली होते म्हणाला. "मायदेशी गेलो की तुम्ही आलंच पाहिजे, माय डियर हॉलिस." दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी हॉलिसच्या कपाळावरची पट्टी बदलत होतो. त्याला ताप होता, तरी पट्टी बाजूला सारून तो कोपरावर उठला.

व्हर्नी बाहेर आला आणि व्हरांड्यात डॉक्टरांसमोर उभा राहिला. मी दाराआड पाणी गाळत होतो.

"मी खाली मारली," तो म्हणाला. "शेवटच्या क्षणी. मांसातून. अशी जखम मी स्वतः खाल्लीय, सहा आठवड्यांत नाचायला लागलो. आत येते, पलीकडे जाते. ही का गेली नाही?"

"कधी जाते, कधी नाही."

"बारा पावलांवर जाते. बार कोणी भरले?"

"तुमच्या साथीदाराने आणि पामने. एकमेकांच्या देखत."

"पूर्ण भरले?"

"मी पाठ करून उभा होतो," डॉक्टर म्हणाले.

 व्हर्नीने मान हलवली आणि तो घोड्यावर बसून गेला. त्याने डॉक्टरांचा शब्द मानला. शब्द खोटाही नव्हता.

सूज मी रोज दोरीने मोजत असे. पाचव्या दिवशी गुडघ्याच्या वर आठ बोटे. सहाव्या दिवशी दहा. नंतर ती वर सरकू लागली, रोज दोन बोटे, आणि आठव्या दिवशी जांघेपाशी आली. तिथून पाय कापता येत नाही. डॉक्टरांनी करवत काढली, पुसली आणि परत ठेवली. खोलीत वास येऊ लागला. मी कडुनिंबाचा पाला जाळत होतो. पाम रोज येत होता आणि दारातूनच परत जात होता.

नवव्या दिवशी दुपारी हॉलिसने मला जवळ बोलावले. आवाज खाली गेला होता, पण शुद्ध पक्की होती.

"दार लाव."

मी लावले.

"व्हर्नी काय म्हणाला ते मी ऐकलं. खिडकी उघडी होती." त्याने ओठ ओले केले. "पाच दिवस तेच डोक्यात आहे. गोळी का गेली नाही? पामला विचारलं तर तो शब्द देईल. मग मला तो मानावा लागेल, किंवा त्याला आव्हान द्यावं लागेल. डॉक्टरचंही तेच. ज्याला विचारायचं त्याच्याशी लढायची तयारी पाहिजे, आणि मला तर उठून बसता येत नाही." तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "म्हणून तुला विचारतो. तू जंटलमन नाहीस. तू खरं सांगू शकतोस."

"विचारा साहेब."

"तराजू तुझ्याकडे असतो. लढतीच्या आदल्या दिवशी पाम औषधांच्या खोलीत गेला होता, मी त्याला जाताना पाहिलं. का गेला होता?"

मी पाण्याची वाटी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

"बारूद कमी होती का, तुळाजी? कमी असेल तर ते नाटक होतं. तो माझ्यावर झाडत होता, मी त्याच्यावर, आणि मागे उभे राहून दोघे साथीदार पोरांचा खेळ बघत होते. मग तो माझ्याशी लढलाच नाही. मग या खाटेवर बसून जे बोलला, ते कुणाशी बोलला? किती होती?"

खोटे बोलायला मला किती वेळ लागला, ते मोजता आले नाही. फार नसावा.

"पामसाहेब जुलाबाचं औषध न्यायला आले होते," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी भीती वाटेल म्हणून आधीच पोट बिघडलं होतं त्यांचं. आणि बारूद पूर्ण होती. पेटीतल्या मापाने भरली. ते माप मी नंतर तोलून पाहिलं. मला सवयच आहे. वीस गुंजा."

"वीस."

"वीस, साहेब."

"पामचं पोट बिघडलं होतं?" या वेळी तो खरा हसला, आणि हसण्याने दुखले म्हणून कण्हला. "नको सांगूस कुणाला हे."

"नाही साहेब."

त्याने डोळे मिटले. नंतर दोन दिवस त्याने मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. कोणालाच विचारला नाही. अकराव्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, तो गेला. तेव्हा खोलीत डॉक्टर, पाम आणि मी होतो. त्याची हनुवटी बांधण्याआधी मी त्याची दाढी केली. ते मला कोणी सांगितले नव्हते.

पाम बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "जखम उघड. मला बघायचं आहे."

मी उघडली. गोळी जिथे होती त्याच्या खाली, एक बोट बाजूला, मांसाच्या पडद्यामागे तुकडा होता. चिंचोक्याएवढाच. करडा रंग काळा झाला होता. मी तो चिमट्याने वाटीत ठेवला.

डॉक्टरांनी वाटी उजेडात धरली. "गोळीला जोर नव्हता," ते म्हणाले. "कापड आत ढकललं आणि तिथंच सोडलं. पूर्ण बार असता तर सगळं घेऊन पलीकडे गेली असती."

"नक्की साहेब?"

"नक्की कसं सांगू? कोणी मोजलंय?"

त्यांनी हात धुतले. नोंदवहीत त्यांनी ताप असे कारण लिहिले. कागदोपत्री लढत झालीच नव्हती, म्हणून दुसरे काही लिहिता येत नव्हते. पुरताना शवपेटीला सहा अधिकाऱ्यांनी खांदा दिला. पुढच्या उजव्या खांद्याला कॅप्टन व्हर्नी होता. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो.

"त्यो बघ, मारनारा," धाकू म्हणाला. "रडतोय."

"हो."

"पटलं तर मारलं कशाला, आन् पटलं न्हाई तर रडतोय कशाला?"

 बापाला पत्र पामने लिहिले. मेणबत्त्या करणाऱ्या त्या गृहस्थाला एवढेच कळवले की तुमचा मुलगा तापाने गेला, आणि शेवटपर्यंत जंटलमनसारखा वागला.

दोन वर्षांनी, पेशवाईची लढाई संपल्यावर, पामची पलटण मुंबईकडे निघाली. जाण्याच्या सकाळी तो इस्पितळात आला. त्याच्या हातात जुन्या कापडात गुंडाळलेले एक पिस्तूल होते.

"त्या पेटीतलं आहे," तो म्हणाला. "दुसरं मी नदीत टाकलं. हेही टाकणार होतो." त्याने ते माझ्या तराजूशेजारी ठेवले. "त्याने तुला काही विचारलं होतं का? शेवटी?"

"नाही साहेब."

"शब्द?"

"माझा शब्द कशाला साहेब?"

त्याने मान हलवली आणि गेला. मी ते पिस्तूल चार वर्षे पत्र्याच्या पेटीत ठेवले. डॉक्टर मेसन तोवर पटकीने वारले होते. मग मी नोकरी सोडून गावी आलो, आणि त्या वर्षीच्या माघात खाटकाकडून बकऱ्यांच्या मागच्या मांड्या आणल्या. एकीवर एक अशा दोन दोन बांधून त्यांची जाडी नऊ बोटे केली, कारण माणसाच्या मांडीची तेवढी असते. वरून करडी बनात ताणून शिवली. गावाबाहेरच्या ओढ्यात बावीस हात मोजले. पिस्तूल दगडावर टेकवून झाडले, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न राहिला नाही. गोळ्या त्याच वजनाच्या ओतवून घेतल्या, बारूद त्याच गुंजांनी तोलली. चिंधी प्रत्येक वेळी सारखीच ठासली.

वीस गुंजा: सहा बार. पाच गोळ्या आरपार, एक हाडाला लागून आत. आरपार गेलेल्या पाचांपैकी चारांत कापड आत राहिले नाही, पाचवीत दोन धागे राहिले.

आठ गुंजा: सहा बार. आरपार एकही नाही. कापड सहाही वेळा आत. गोळीची सरासरी खोली चार बोटे.